बाटलीवरील चिठ्ठी

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाट आवरीत असता गेल्या वर्षी एक बाटली हाती आली. तिच्यावरील चिठ्ठी केव्हाच गळून पडली होती. आत पाण्यासारखा स्वच्छ, रंगहीन द्रव होता. आम्ही ती बाटली वर्गात नेऊन टेबलावर ठेवली आणि विचारले, "मुलांनो, हे काय आहे, ते कसे ओळखावे?" एकजण म्हणाला, "सर, वास घेऊन पाहावा." त्याला आम्ही तत्काळ थांबविले, कारण अनोळखी द्रवाचा वास घेणे हा ज्ञानाचा मार्ग नसून दवाखान्याचा मार्ग आहे. दुसरा म्हणाला, "लिटमसचा कागद बुडवून पाहावा." हे उत्तर पहिल्याहून बरे, पण लिटमसने आम्ल की अल्क एवढेच कळते, पदार्थाचे नाव कळत नाही. तेव्हा सहसा न बोलणारी, शेवटच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, ज्याने ही बाटली भरली त्यालाच विचारावे, आणि भरतानाच त्याने चिठ्ठी का लावली नाही, हेही विचारावे."

वर्ग हसला. आम्हांला मात्र हसू आले नाही. त्या मुलीने नकळत एका संपूर्ण व्यवसायाची व्याख्या केली होती. आजच्या लेखात त्याच व्यवसायाची ओळख आपणांस करून देण्याचा आमचा विचार आहे. रासायनिक कारखान्यात माल तयार करणारे असतात, तो विकणारे असतात, हिशेब ठेवणारे असतात, आणि ह्या सर्वांच्या शेजारी बसून "हे काय आहे? हे किती आहे? हे कोठे जाते? आणि हे कोणाला सांगितले आहे?" असे चार प्रश्न रोज विचारणारा एक मनुष्य असतो. कायद्याने घालून दिलेले नियम कारखान्यात खरोखर पाळले जातात की नाही, हे पाहणे व त्याची खरी नोंद ठेवणे, हे त्याचे काम. त्यास आपण नियमपालन अधिकारी म्हणू. डॉक्टर, वकील व इंजिनियर ह्यांची नावे पालकांच्या तोंडी नेहमी असतात. ह्या मनुष्याचे नाव क्वचितच असते. तथापि त्याच्या कामावर किती घरांची झोप अवलंबून असते, हे इतिहासावरून स्पष्ट दिसते.

प्रथम आपण इंग्लंडातील लँकेशायर परगण्यात जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे साबण, काच आणि कापड ह्यांच्या गिरण्या झपाट्याने वाढत होत्या, व ह्या तिन्ही धंद्यांस सोडा लागत असे. निकोलस लब्लां नावाच्या फ्रेंच गृहस्थाने मिठापासून सोडा करण्याची कृती शोधून काढली होती. तिची पहिली पायरी अशी की, मिठावर गंधकाम्ल घालून ते तापवावयाचे. त्यातून सोड्याकडे नेणारा क्षार मागे राहतो आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू बाहेर पडतो. रसायनशास्त्राच्या वर्गात समीकरण मांडून पाहिल्यास आपणांस दिसेल की, ११७ भाग मिठापासून ७३ भाग वायू निघतो. म्हणजे १०० किलो शुद्ध मीठ पुरते वापरले तर सुमारे ६२ किलो वायू झाला! हा वायू कारखानदारांच्या त्या वेळी फारसा उपयोगाचा नव्हता. म्हणून तो धुराड्यातून आकाशात सोडून देत. धुराडी उंच बांधली, म्हणजे त्रास नाहीसा होईल, अशी प्रथम समजूत होती. झाले असे की, त्रास नाहीसा न होता अधिक लांबवर पसरला. कुंपणे करपली, झाडे वाळली, शेतातील पिके गेली आणि लोकांचे डोळे व छाती जळजळू लागली.

ह्यावर तोड नव्हती असे नाही. विल्यम गॉसेज नावाच्या कारखानदाराने १८३६ मध्येच एक मनोरा काढला होता. मनोऱ्यात काटक्याकुटक्या किंवा कोळशाचे तुकडे भरावयाचे, वरून पाण्याची धार सोडावयाची आणि खालून वायू चढू द्यावयाचा. हा वायू पाण्यात अत्यंत विरघळणारा असल्यामुळे तो पाण्याबरोबर खाली उतरतो. उपाय इतका सोपा होता. तरीही सत्तावीस वर्षे कित्येक कारखान्यांनी तो नीट योजिला नाही, आणि ज्यांनी योजिला त्यांच्यावर पाहणारे कोणी नव्हते. शेजाऱ्याने फिर्याद करावी, तर दहा धुराड्यांपैकी कोणत्या धुराड्याने आपले शेत जाळले, हे त्याने कोर्टात कसे सिद्ध करावे? विषाला मालकाचे नाव लिहिलेले नव्हते. आमच्या बाटलीवर चिठ्ठी नव्हती, तसाच हा प्रकार.

अखेर १८६२ मध्ये लॉर्ड डर्बी ह्यांनी हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटात आणिला, चौकशी झाली आणि १८६३ मध्ये अल्कली कायदा मंजूर झाला. त्यातील मुख्य कलम एकाच आकड्याचे होते : निघालेल्या आम्लवायूपैकी शेकडा ९५ भाग तरी पाण्यात उतरविलाच पाहिजे. त्याची तपासणी करण्यास रॉबर्ट अँगस स्मिथ ह्या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाची नेमणूक झाली व त्याच्या हाताखाली चार उपतपासनीस देण्यात आले. हा स्मिथ हाती दंडुका घेऊन फिरणारा शिपाई नव्हता. तो कारखान्यात जाई, धुराड्यातील वायू मोजी, मनोरा कोठे गळतो ते मालकास दाखवी आणि तो दुरुस्त कसा करावा तेही सांगे. खटले भरण्यापेक्षा शिकविण्यावर त्याचा भर असे. काही लोक त्यास मवाळ म्हणत. परंतु वायू सोडण्याचे प्रमाण त्या कारखान्यांतून खरोखर उतरले. पावसात आम्ल उतरते, ह्याचा अभ्यास करून आज सर्वांच्या तोंडी असलेला 'आम्लपाऊस' हा शब्दप्रयोग १८७२ च्या आपल्या ग्रंथात करणारा शास्त्रज्ञ तो हाच.

येथे मुलांनी थोडे गणित करावे. एक कारखाना रोज १० टन मीठ वापरतो असे धरा. वायू झाला सुमारे ६,२०० किलो. शेकडा ९५ उतरविला, म्हणजे शेकडा ५ बाहेर गेला. तो ३१० किलो. आता धंदा वाढून त्याच गावात १०० टन मीठ वापरले जाऊ लागले. प्रत्येक मालक नियम तंतोतंत पाळीत आहे. तरी हवेत जाणारा वायू ३,१०० किलो झाला! नियम मोडला नाही आणि झाडे मात्र पुन्हा वाळली. म्हणून १८७४ मध्ये कायदा सुधारून दुसरा आकडा घालावा लागला : धुराड्यातून निघणाऱ्या दर घनफूट हवेत ह्या आम्लाचा एकपंचमांश ग्रेनपेक्षा अधिक अंश असता कामा नये. ह्यावर एखादा चतुर विद्यार्थी म्हणेल, "धुराड्यात अधिक हवा मिसळली, तर अंश आपोआप कमी दिसेल." शाबास! म्हणूनच केवळ आकड्यावर न विसंबता, त्रास टाळण्यासाठी व्यवहारात शक्य तो उत्तम उपाय मालकाने योजिला पाहिजे, हे तत्त्वही त्याच सुधारणेत आले. ह्यावरून पहिला धडा हा की, आकडा हा नियमाचा नोकर आहे, धनी नव्हे. आकडा जुळला एवढ्यावर समाधान मानणारा नियमपालन अधिकारी निम्मेच काम करतो. तो आकडा कशासाठी होता, हे ज्याच्या ध्यानात राहते, तोच पुरे काम करतो.

आता इंग्लंडातून आपण आपल्या देशात येऊ आणि एकशेवीस वर्षे पुढे जाऊ. १९८४ च्या डिसेंबर महिन्यातील २ व ३ तारखांमधली रात्र. मध्य प्रदेशातील भोपाळ शहरात युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेड ह्या कंपनीच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट नावाचा अत्यंत विषारी द्रव टाक्यांत साठविलेला होता. तो थंड ठेवावा लागतो. तो सुमारे ३९ अंश सेल्सियसला उकळतो. पाण्याचा संबंध आला की त्याची क्रिया सुरू होऊन उष्णता वाढते. त्या रात्री एका टाकीत पाणी शिरले, उष्णता व दाब वाढला आणि सुमारे ४० टन विष झोपलेल्या वस्तीवर पसरले. हजारो माणसे मृत्युमुखी पडली आणि सरकारी नोंदींप्रमाणे पाच लाखांहून अधिक लोकांस इजा पोहोचली. त्यांपैकी पुष्कळ कुटुंबांचे दुःख अद्याप सरलेले नाही.

ह्या कारखान्यात रक्षणाची साधने नव्हती काय? होती. टाक्या थंड ठेवण्याचे यंत्र होते. पण ते कित्येक महिन्यांपासून बंद होते. सुटलेला वायू जाळून टाकण्याचा मनोरा होता. पण त्याची नळी दुरुस्तीसाठी काढलेली होती. वायू धुऊन काढण्याचे यंत्र होते. पण तेही कामास तयार स्थितीत नव्हते. १९८२ च्या मे महिन्यात मूळ अमेरिकन कंपनीच्या तज्ज्ञांनी कारखान्याची पाहणी करून उणिवा लिहून ठेविल्या होत्या. राजकुमार केसवानी ह्या भोपाळच्या पत्रकारांनी त्याच वर्षापासून शहरावरील धोक्याविषयी छापून सावध केले होते. पालकहो, हे पुन्हा एकदा वाचावे. नकाशात सर्व काही होते. प्रत्यक्षात त्या रात्री काहीच उभे राहिले नाही. कागद आणि वस्तू ह्यांमध्ये जे अंतर पडले, त्या अंतरात ती माणसे मेली.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्याहूनही अधिक बोचते. रात्री माणसे धापा टाकीत रुग्णालयात पोहोचली, तेव्हा हा कोणता वायू आहे व त्यावर काय उपचार करावयाचा, हे डॉक्टरांसच ठाऊक नव्हते. कोणत्या बाजूस पळावे, नाकातोंडावर ओले फडके धरावे, इतके साधे सांगणेही शेजारच्या वस्तीस अगोदर कोणी सांगून ठेविले नव्हते. बाटली भरणाऱ्यास ठाऊक होते. बाटलीशेजारी निजणाऱ्यास ठाऊक नव्हते. दुसरा धडा हा.

ह्या अनर्थानंतर आपल्या देशातील कायद्यास जाग आली. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये त्या वेळच्या कारखाने कायद्यात धोक्याच्या धंद्यांविषयी नवे प्रकरण घातले गेले. आणि १९८९ मध्ये घातक रसायनांचे उत्पादन, साठवण व आयात ह्यांविषयी स्वतंत्र नियम झाले. मोठा साठा करणाऱ्या कारखान्याने संकटकाळी काय करावयाचे ह्याची योजना आधी लिहून ठेवावी, तिची रंगीत तालीम दर सहा महिन्यांनी घ्यावी, कारखान्याबाहेरील वस्तीसाठी जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी वेगळी योजना करावी आणि रसायनाची सुरक्षा माहितीपत्रिका तयार असावी, असे त्या नियमांनी ठरविले.

परदेशांतही विचार ह्याच दिशेने गेला. संयुक्त राष्ट्रांनी रसायनांच्या धोक्यांचे वर्गीकरण व चिठ्ठ्या ह्यांची जगासाठी एकच पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध केली. तांबड्या काठाच्या चौकटीत ज्वाला, कवटी, आम्लाने झिजणारा हात अशी नऊ चित्रे तीत आहेत. अक्षरओळख नसलेल्यासही ती समजावीत, हा हेतू. माहितीपत्रिकेची सोळा कलमेही ठरलेली आहेत : पदार्थ कोणता, धोका कोणता, प्रथमोपचार काय, आग लागल्यास काय करावे, सांडल्यास काय करावे, अशी ती क्रमाने येतात. युरोपीय संघाने २००६ मध्ये मंजूर केलेला व २००७ च्या जूनमध्ये अंमलात आलेला 'रीच' नावाचा कायदा तर आमच्या शेवटच्या बाकावरील मुलीनेच लिहिला असावा, असे वाटते. त्याचे सूत्र असे की, वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक रसायन जो करील किंवा आणील, त्यानेच त्याच्या गुणदोषांची माहिती नोंदवावी. जेथे माहिती नाही, तेथे बाजारही नाही. पूर्वी पदार्थ घातक आहे हे सरकारने सिद्ध करावयाचे. आता तो जपून कसा वापरता येईल हे भरणाऱ्याने दाखवावयाचे. आपल्या महाराष्ट्रातून युरोपास जाणाऱ्या रसायनांसही ही नोंदणी चुकत नाही. त्यामुळे तारापूर, अंबरनाथ, महाड, लोटे परशुराम अशा ठिकाणच्या कारखान्यांतून हे काम जाणणाऱ्या माणसांची गरज असते.

मग हा मनुष्य दिवसभर करतो तरी काय? सकाळी तो सांडपाण्याच्या शुद्धीकरणाकडे जाऊन नमुना घेतो व आकडे पाहतो. गोदामात जाऊन कोणते पिंप कोणाच्या शेजारी ठेविले आहे ते पाहतो. कारण आम्ल आणि ब्लीचिंग पावडर ह्यांचे शेजार म्हणजे विषारी क्लोरीन वायूस आमंत्रण. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात जेवढे उत्पादन लिहिले आहे, त्याहून अधिक तर होत नाही ना, हे तो ताडून पाहतो. नव्या कामगारास तो माहितीपत्रिका समजावून देतो. येथे मराठीचा संबंध येतो. पत्रिका इंग्रजीत असते आणि पिंप उचलणारा मनुष्य मराठी किंवा हिंदी जाणतो. त्यास ती त्याच्या भाषेत समजली नाही, तर सोळा कलमे असली काय अन् नसली काय! म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस नेहमी सांगतो की, विज्ञानाच्या मुलाने मराठीचा तास टाळू नये. कठीण गोष्ट सोप्या व अचूक शब्दांत सांगता येणे, हे ह्या व्यवसायात कोणाचे तरी डोळे वाचविण्याचे साधन आहे.

परंतु रसायनशास्त्र, गणित आणि भाषा ह्या तिन्हींपेक्षा कठीण असा एक विषय ह्या व्यवसायास लागतो, आणि त्याची परीक्षा वर्षातून एकदा न होता रोज होते. समजा, नियमाप्रमाणे बाहेर सोडावयाच्या पाण्याचा सामू ५.५ ते ९ च्या दरम्यान असला पाहिजे. रात्रपाळीत तो ४ भरला. म्हणजे पाणी आंबट आहे. टाकी तुडुंब भरली आहे. पाणी रोखले तर उत्पादन थांबते, आणि सकाळी माल रवाना व्हावयाचा आहे. वरिष्ठ म्हणतात, "अहो, कालचाच आकडा लिहा, एका रात्रीने काय होते?" लिहिणारा तरुण आहे, नोकरी नवी आहे, घरी आईवडील त्याच्या पगाराकडे डोळे लावून बसले आहेत. कोणी पाहत नाही. वहीत ४ लिहावयाचे की ७? तो वेतन घेतो कारखान्याचे, आणि उत्तर देणे लागतो नाल्याच्या काठी राहणाऱ्या, कधीही न पाहिलेल्या माणसांस. त्या एका अंकात त्याचे सर्व शिक्षण येते. तो ४ लिहील, पाणी अडवून चुन्याने त्याचा आंबटपणा घालवील आणि वरिष्ठांस नम्रपणे सांगेल, "साहेब, हा आकडा मला बदलता येणार नाही, पाणी मात्र बदलता येईल." असे उत्तर देणारा मनुष्य कारखान्याचा शत्रू नव्हे. खोट्या वहीने कारखाना एक रात्र वाचतो. खऱ्या वहीने तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि त्याच्याबरोबर त्यातील कामगारांची पोटे टिकतात.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २०१६ व २०२४ ह्या दोन्ही वर्षांच्या मे महिन्यांत स्फोट होऊन माणसे दगावली, हे पालकांच्या स्मरणात असेल. कारखाना आणि घर ह्यांमध्ये आता फारसे अंतर उरलेले नाही. तेव्हा मुलगा किंवा मुलगी रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झाली आणि म्हणाली की, आम्हांला नियमपालनाचे काम करावयाचे आहे, तर "ही तर कागद भरण्याची कारकुनी" असे म्हणून आपण नाक मुरडू नये. ह्या कारकुनीत एक खरी ओळ लिहिली, तर तिचे फळ दिसत नाही. कारण जो अपघात होत नाही, त्याची बातमी छापून येत नाही.

शेवटी सर्वांसाठी थोडा गृहपाठ. एक : आपल्या न्हाणीघरातील शौचालय स्वच्छ करण्याच्या बाटलीवरील चिठ्ठी मोठ्याने वाचावी. पुष्कळ बाटल्यांत तेच हायड्रोक्लोरिक आम्ल असते, ज्याने लँकेशायरची झाडे जाळिली. ते ब्लीचिंग पावडरीत कधीही मिसळू नये. दोन : फिनेल, रॉकेल किंवा आम्ल सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेविले असल्यास ते आजच मूळ बाटलीत घालावे, व मूळ बाटली नसल्यास जाड अक्षरांत चिठ्ठी लावून लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. तहानलेले मूल बाटलीचा आकार ओळखते, आतील विष ओळखत नाही. तीन : प्रयोगवहीत जो आकडा आला तोच लिहावा, शेजाऱ्याच्या वहीशी जुळतो तो लिहू नये.

त्या अनोळखी बाटलीचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. आम्ही ती वापरली नाही. तिच्यावर "अज्ञात द्रव, हात लावू नये" अशी चिठ्ठी तारखेसह लावून ती वेगळी कुलपात ठेविली आणि जाणत्या माणसाच्या हवाली केली. ती चिठ्ठी त्याच मुलीने लिहिली. आपल्याला जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असे लिहिणे, हीदेखील खरीच नोंद होय. आणि प्रयोगशाळेत शिकावयाच्या पुष्कळ गोष्टींत ती आम्हांस पहिली वाटते.